हबशी बेगम

"राणी कुठं काळी असती व्हय? नाव साखर अन् रंग काकवीचा! तू मागं बस गं."

आबाजींचा तो आवाज साखरबाईच्या कानातून कधी गेलाच नाही. तेव्हा ती परकरी पोर होती, जत्रेच्या नाटकात राणी व्हायला आलेली. आता पदरात लेकरं आली, तरी शेळगावच्या जत्रेतल्या नाटकाला ती मागंच बसे. विंगेत, दबक्या आवाजात, अडखळणाऱ्यांना वाक्यं पुरवत. साऱ्यांची भाषणं तिला तोंडपाठ. तिचा आवाज मात्र गावानं कधी ऐकला नव्हता.

यंदा आबाजींनी निजामशाहीतलं नाटक बसवलं. सरदार हबशी, समुद्रापल्याड आफ्रिकेतून आलेला. त्याची बेगमही हबशीच. साखरबाईच्या मनात पाखरू फडफडलं, आता तरी! पण आबाजींनी बेगम आणली बारामतीहून. रोहिणी, सोललेल्या केळ्यासारखी गोरी.

सरदार झालेल्या मानसिंगनं निमूट तव्याची काजळी तोंडाला फासली. रोहिणीनं मात्र हातच जोडले. "मी न्हाय लावायची. उद्या मला बघाय येणार हायेत."

"ऱ्हाऊ दे तशीच," आबाजी म्हणाले. "लोकांना काय कळतंय?"

लोकांना कळलं. रंगमंचावरल्या किल्ल्याच्या दाराशी उभी राहून रोहिणीनं मान ताठ केली. "माझ्या काळ्या रंगाला हसणाऱ्यांनो..."

"बाई, आधी पावडर पुसा की!" मांडवातून कुणी तरी ओरडलं.

हशाचा लोंढा उठला. सरदारालाही हसू आवरेना. घामानं त्याची काजळी गळ्यापर्यंत उतरली. रोहिणीचं पुढचं वाक्य कुठल्या कुठं पळालं. डोळ्यांत पाणी आणून ती विंगेकडं बघू लागली.

"सांग की तिला! हळूच!" आबाजी दातओठ खात म्हणाले.

साखरबाई उठली. पदर खोचला आणि सरळ उजेडात गेली.

"माझ्या काळ्या रंगाला हसणाऱ्यांनो, काजळही काळंच असतं. त्याला डोळ्यांत जागा देता, अन् मला दाराबाहेर ठेवता?"

मांडवातून अशी शिट्टी वाजली की मागच्या बैलांनी कान टवकारले. रोहिणीनं सुटकेचा निःश्वास टाकला, डोक्यावरचा मुकुट काढला आणि हसत साखरबाईला घातला.

"अगं ए! तुला पुढं जायला कुणी सांगितलं?" आबाजी विंगेतून फिसकारले.

साखरबाई वळली. इतकी वर्षं ओठाआड धरलेलं तिनं शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

"राणी काळीच असती, आबाजी. आता तुमी मागं बसा."