पहिला वॉफल

"दोन्ही दांड्या मूळच्याच का?" संग्रहालयातून आलेल्या बाईंनी विचारलं.

"डावी मूळची. उजवी सासऱ्यांनी घडवली. ते लोहारकाम करायचे," ती म्हणाली.

बाईंनी फॉर्मवर लिहून घेतलं. वॉफलचा साचा टेबलावर आडवा पडला होता. हातभर लांब दांड्यांचा, चिमट्यासारखा उघडणारा, टोकाला दोन जाड लोखंडी पाट्या. पाट्यांवर आतून चौकड्या कोरलेल्या. सासऱ्यांच्या आजीनं लग्नानंतर या घरात येताना तो सोबत आणला होता.

खोली रस्त्याकडची होती. सहा टेबलं, एक मोठी खिडकी, कोपऱ्यात शेगडी. रोज सकाळी सहाला इथलं शटर वर जायचं. रात्रपाळी संपवून नर्स यायच्या, बसचे ड्रायव्हर यायचे. ती पीठ ओतायची, नवरा साचा फिरवायचा. वॉफलशिवाय इथे काही मिळत नसे. कुणी दुसरं काही मागितलंच, तर नवरा म्हणायचा, "मिळेल की. शेजारच्या दुकानात."

अकरा महिन्यांपूर्वी तो दम लागला म्हणून जिन्यात बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून शटर खाली होतं. ती एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला जाऊ लागली. सासऱ्यांनी आपल्या खोलीतून बाहेर येणं सोडलं. दोन वेळचं ताट आत जाई, निम्मं तसंच परत येई. साचा खुंटीला लटकलेला असे. मागच्या आठवड्यात तिनं लोटलेल्या दाराबाहेरूनच विचारलं होतं, "बाबा, साचा संग्रहालयाला देऊन टाकू का?"

ते आतूनच म्हणाले, "दे. माझं काही म्हणणं नाही."

पोराच्या हातातली वस्तू. ती डोळ्यांसमोर असणं म्हणजे जखमेवर मीठच. त्यांना नकोच असणार, असं तिनं धरलं आणि फोन केला.

"चुलीवर स्वयंपाक व्हायचा, तेव्हापासूनचे साचे आहेत आमच्याकडे," बाई सांगत होत्या. "विस्तवात धरायचे, म्हणून दांड्या लांब. आणि या चौकड्या बघा, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. नावही म्हणे पोळ्यावरूनच पडलंय."

"पोळण्यावरून पडलं असेल," ती म्हणाली. "ही माझी बोटं बघा."

बाई हसल्या. तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी थट्टा निघाली होती. तिचं तिलाच कसंसं झालं.

"एकदा करून दाखवाल?" बाईंनी विचारलं. "व्हिडिओ काढून ठेवते. नुसतं लोखंड काचेच्या कपाटात बघून लोकांना काय कळणार?"

ती नाही म्हणणार होती. पण बाई लांबून आल्या होत्या. तिनं मैदा, अंडी, दूध, लोणी काढलं. पीठ फेटलं. शेगडी पेटवली, साचा तापत ठेवला, लोणी फिरवलं. वास खोलीभर झाला, मग पुढे घरात गेला. तिनं पीठ ओतलं आणि साचा स्वतःच उलटवला. मनातल्या मनात चाळीस मोजून तिनं तो उघडला.

वॉफल मधोमध फाटला. निम्मा वरच्या पाटीला, निम्मा खालच्या.

पहिला बिघडतोच. तो गिऱ्हाइकाला द्यायचा नसतो. नवरा तो उभ्या उभ्या, तोंड भाजून घेत खाऊन टाकायचा. तिनं दोन्ही तुकडे सोडवून बशीत घेतले, सवयीनं मागे वळली आणि बशी पुढे केली.

मागे कुणी नव्हतं. हात तसाच राहिला.

आतलं दार वाजलं. सासरे बाहेर आले. दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं खालीवर लागलेली. त्यांनी तिच्या हातून बशी घेतली आणि उभ्या उभ्याच खायला लागले.

"मीठ विसरलीस."

"हो, बाबा."

"साचाही नीट तापला नव्हता."

"हो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. दुसरा तुकडा संपवून ते म्हणाले, "मग देऊन का टाकतेस?"

"तुम्हाला त्रास होतो म्हणून."

"मला?" त्यांनी बशी खाली ठेवली. "अगं, मला वाटलं तुला होतो. रोज खुंटीपाशी आलीस की मान फिरवायचीस. मी दाराच्या फटीतून बघत होतो ना."

बाईंनी कॅमेरा केव्हाच बंद केला होता. साच्यातून धूर यायला लागला. सासऱ्यांनी बाह्या वर केल्या आणि दोन्ही दांड्या हातात घेतल्या.

"मीठ घाल. आणि ओत."

तिनं मीठ घातलं, पीठ ओतलं. त्यांनी साचा एका झटक्यात उलटवला. हा वॉफल अख्खा निघाला, चारी कडा तांबूस. तो बाईंना दिला. बाईंनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. तिनं पुन्हा पीठ ओतलं. सासरे हलक्या आवाजात आकडे मोजू लागले.

बाईंनी बोटं पुसून फॉर्म पुढे ओढला. कामच होतं त्यांचं. पण विचारताना त्यांचा आवाज खाली आला. "एकच रकाना राहिलाय. साच्याचा शेवटचा वापर कधी झाला?"

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी चाळीसपर्यंत मोजणं पुरं केलं आणि साचा उघडला.

"तो अजून व्हायचाय," ते म्हणाले.