पाचवं प्लास्टर

"ही भिंत कोणी केलीय, मॅडम?" गवंड्यानं विचारलं. "कोपऱ्यात चांगली बोटभर पुढे आलीय."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोमट पाण्यात भिजून मऊ झालेलं जुनं प्लास्टर त्या त्याच्या दोन महिन्यांच्या मुलाच्या पायावरून सोडवत होत्या. "भिंत राहू दे, बाबा. इकडे बघा."

इकडे बघायचं नव्हतं म्हणून तर त्यानं भिंत धरली होती. मुलाचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. दर आठवड्याला ते हलक्या हातानं थोडं बाहेर आणायचं, तिथंच प्लास्टरमध्ये बसवायचं आणि पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. चार प्लास्टरं झाली होती आणि चारही वेळा बायको आली होती. आज तिचा परीक्षेचा पेपर होता. "आज तुमची पाळी," एवढं बोलून ती गेली.

बारा वर्षं ओळंबा लावून भिंती बांधणाऱ्याला वाकडं काही बघवत नाही. भिंत वाकडी गेली तर तो खुशाल पाडतो आणि पुन्हा बांधतो. पोराच्या पायाचं काय करायचं, ते त्याला माहीत नव्हतं. म्हणून तो पोराचे डोळे बघायचा, कान बघायचा, पोटाला गुदगुल्या करायचा आणि गुडघा आला की नजर फिरवायचा. त्याची त्याला लाजही वाटायची.

"मदतनीस आज रजेवर आहे," बाई म्हणाल्या. "पट्टी मी गुंडाळते. पाय तुम्ही धरायचा."

"मी?"

"मग काय, भिंत धरणार?"

गवंड्यानं हात धुतले. मग पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा नळाकडे निघाला, तेव्हा बाईंनी टॉवेल पुढे केला.

त्यांनी त्याचा एक हात मुलाच्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पावलाची बोटं दिली. आता बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाऊल त्याच्या मधल्या बोटाएवढं होतं, आणि वाकडं होतं. पण त्याला पाच बोटं होती आणि पाचांनाही नखं होती, हे त्याला आजच कळलं.

बाईंनी पाऊल सावकाश बाहेर वळवलं आणि एका जागी थांबल्या. "आता इथंच धरा. हललं की आठवडा वाया."

गवंड्यानं एक डोळा मिटला. अजून बराच वाक होता. हाताला सवयच ती, त्यानं किंचित जोर लावला. मुलानं खोली डोक्यावर घेतली.

"अहो, ओढू नका!"

"पण अजून वाकडंच आहे, मॅडम."

"असू दे. आज एवढंच. तुम्ही एका दिवसात अख्खी भिंत उभी करता का?"

"छे! दिवसाला चार फूट, फार तर. खालचं काम ओलं असतं, त्याला वरचं वजन..." त्यानं जोर काढून घेतला. बाईंनी पाऊल पुन्हा जागेवर बसवून दिलं आणि कापूस गुंडाळायला घेतला.

मुलाचं रडणं काही थांबेना. घरी सगळे त्याला पैलवान म्हणायचे, ते उगीच नाही. "बोला त्याच्याशी," बाई पट्टी भिजवत म्हणाल्या. तान्ह्या मुलाशी काय बोलतात, कोण जाणे. गवंड्याला एकच विषय येत होता.

"हे बघ पैलवान, आधी वाळू चाळायची," तो म्हणाला. "बारीक. खडा राहता कामा नये. मग सिमेंट-वाळूचा एकास चार माल कालवायचा."

पैलवान हुंदका अर्धा ठेवून ऐकू लागला.

"भिंत आधी ओली करायची, नाहीतर गिलावा धरत नाही. मग थापीनं मारायचा, घोटायचा. आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायचं."

दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची पैलवानाची तयारी नव्हती. धार सरळ वर गेली, बाईंच्या बाहीवर, तिथून गवंड्याच्या मनगटावर आणि उरलेली नव्या प्लास्टरवर.

"हलू नका!" बाई ओरडल्या.

गवंडी हलला नाही. त्याच्या कोपरावरून थेंब गळत होते, खांदे हसून गदगदत होते, पण चिमटीतली बोटं होती तिथंच होती. बाईही हसत हसत पुसायला लागल्या. सगळ्यात मोठ्यानं पैलवान हसला, निदान त्याच्या बापाची तरी तशी खात्री आहे.

"गरम होतंय," थोड्या वेळानं गवंडी म्हणाला.

"म्हणजे धरतंय. तुम्हाला सांगायला नको. सोडा आता."

त्यानं एकेक बोट सोडलं. पाऊल जागचं हललं नाही. नडगीवरची शेवटची पट्टी मात्र अजून ओली होती आणि तिच्यावर एक बारीकशी घडी राहिली होती. गवंड्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हळू म्हणून खूण केली. त्यानं अंगठा पाण्यात बुडवला आणि घडी घोटून घोटून पार नाहीशी केली. काम मनासारखं झालं की तो नाकातल्या नाकात गुणगुणतो, तसा गुणगुणत होता.

बाहेर बाकावर एक आजी नंबराची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी एवढुशा पायावरचं ते पांढरंशुभ्र प्लास्टर पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला.

"अरे देवा! पडलं की काय कुठं लेकरू?"

"पडलं नाही आजी, बांधकाम चालू आहे," गवंडी म्हणाला. मग त्यांच्या शेजारी बसून त्यानं पोराचा पाय दोन्ही हातांवर घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. "हात लावून बघा की."