मागचा सेन्सर

“दुसरा कुठाय?” गाडीखालून आवाज आला.

शिवाजीरावांच्या कपाळावर आठी चढली. बाई धारहून आली होती. अल्पना नाव सांगितलं, पण पाणी घेतलं नाही, बसली नाही, किंमतसुद्धा विचारली नाही. पर्स खांद्याला तशीच ठेवून थेट अंगणातल्या गाडीखाली शिरली. एवढा आगाऊपणा त्यांनी देवासात कुणाचा चालू दिला नसता.

“जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय,” ते म्हणाले. “मागचा सेन्सर तुटला आहे, त्याची गरज नाही. वाचता येतं ना?”

“वाचलं म्हणूनच आलेय.” ती बाहेर आली. ओढणीला ग्रीस लागलं होतं, तिकडे तिनं पाहिलंही नाही. “अकरा गाड्यांखाली शिरून झालंय. असं लिहिणारे तुम्ही एकटेच.”

ही स्तुती की टोमणा, ते त्यांना कळेना. त्यांनी टोमणाच धरला. आजोबांनी संस्थानच्या खासगीचं दप्तर सांभाळलेलं. घरात मीठ कमी पडेल, पण खोटा शब्द बाहेर जायचा नाही, असा शिवाजीरावांचा तोरा. गाडी विकायची घाई त्यांना नव्हतीच, ती मुलाला होती. रणवीर एप्रिलात पुण्याला नोकरीवर गेला, तेव्हापासून फोनवर एकच धोशा : आबासाहेब, ती गाडी काढून टाका. गाडी आज गेली नसती तरी चाललं असतं. पण धारच्या बाईनं आपल्याला लबाड ठरवून जावं, हे त्यांना खपणारं नव्हतं.

“रघुजी, समजाव यांना.”

रघुजी मेकॅनिक हात पुसत पुढे झाला. “देखो दीदी, धुराच्या नळीत दोन सेन्सर. पुढला इंजिनाजवळ. पेट्रोल किती द्यायचं ते तो ठरवतो, तो पाहिजेच. मागला नुसता चौकीदार. धूर साफ निघतो का बघतो, नाही तर दिवा लावतो. चौकीदार नसला म्हणून घर थोडंच पडतं? मी तर रणवीर भियाला बोललो होतो, नवा बसवून घ्या. ते म्हणाले, जरूरत काय?”

“चोरी झाल्यावर आठवतो चौकीदार,” अल्पना म्हणाली. “आणि हा तुटला, की कापून विकला?”

“तोंड सांभाळून बोला!” शिवाजीरावांचा आवाज चढला.

“मग दाखवा. तुटका तुकडा अजून नळीतच आहे. माझ्यासमोर काढा.”

रघुजीनं शिवाजीरावांकडे पाहिलं. “काढ!” ते गरजले.

दहा मिनिटं खटपट झाली, तेव्हा काळवंडलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा रघुजीच्या तळहातावर आला. तुटलेली कड वाकडीतिकडी होती, एका बाजूला सुळ्यासारखं टोक.

“बघा! कुठं दिसते करवत?” शिवाजीराव म्हणाले. “मार बसलाय त्याला.”

“कशाचा?”

“दगडाचा. सोनकच्छच्या अलीकडच्या वळणावर. मुलगा भोपाळहून येत होता.”

“जुन्या गाडीचा जुना रोग, तो आता दगडावर ढकलताय. तारीख तरी सांगता येईल?”

“सतरा मार्च!” शिवाजीराव जवळजवळ ओरडलेच. “सोमवार. संकष्टी होती. चंद्रोदय होऊन गेला तरी रणवीरचा पत्ता नाही. त्याची आई दिवसभराची उपाशी, मोदकांचं ताट झाकून बसलेली. तारीख कशी विसरेन? आला आणि न जेवताच झोपला.”

“चालवत कोण होतं? ड्रायव्हर?”

“आमच्याकडे गाडी आम्हीच चालवतो.”

“बोलायला काय जातं?” ती म्हणाली. “लिहून द्याल?”

हे मात्र त्यांच्या वर्मी लागलं. शिवाजीराव तरातरा आत गेले, जाड कागद आणि शाईचं पेन घेऊन आले. वर श्री, मग वार, तिथी, तारीख, जागा. गाडीचा नंबर, मुलाचं पूर्ण नाव. गाडी तोच चालवत होता. वळणावर मार लागून मागचा सेन्सर तुटला. त्यापूर्वी तो शाबूत होता. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही. खाली झोकदार सही केली आणि साक्षीदार म्हणून रघुजीकडे पेन दिलं.

“हिंदीत करू, दादासाहेब?”

“कर कशातही!”

अल्पनानं कागद दोनदा वाचला. तारखेच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. बरी जिरली, शिवाजीरावांना वाटलं.

कागदाची घडी करून तिनं ती पर्समध्ये ठेवली आणि रुमालाची एक पुरचुंडी बाहेर काढली. तिच्यात वीतभर वायर लोंबणारं सेन्सरचं डोकं होतं. तिनं ते रघुजीच्या हातात दिलं. त्यानं दोन्ही तुकडे एकमेकांवर टेकवले. सुळा नेमका खाचेत बसला, केसाचीही फट राहिली नाही.

“अरे, ये तो अपनाच आहे!” रघुजी म्हणाला.

शिवाजीरावांचा चेहरा उजळला. सकाळपासूनचा राग विसरून ते प्रथमच हसले. “पाहिलंत? माझा शब्द न् शब्द खरा निघाला. कुठे सापडला हा तुम्हाला?”

“त्याच वळणावर, त्याच संकष्टीला,” अल्पना म्हणाली. “ठाण्यातही म्हणाले, बाई, याची गरज नाही. माझ्या भावाला रस्त्यावरून उचललं, तेव्हा त्याच्या अंगाखाली होता.”