तागडीमामांची निवड

मामांनी दोन्ही तळहातांवर एकेक पॉवर सप्लाय घेतला आणि डोळे मिटले. समोर स्टुलावर बसलेल्या भाचीने मांडीवरचा खोका आणखी जवळ ओढला. त्यात तिचं नवं ग्राफिक्स कार्ड होतं. दोन वर्षं फोनवर परक्यांच्या शिव्या ऐकायची नोकरी करून तिने ते घेतलं होतं. गेमिंगचा कॉम्प्युटर जोडून व्हायला आता कार्डाला वीज पुरवणारा हा डबा तेवढा राहिला होता. डबा फसवा निघाला तर एक दिवस स्वतः जळतो आणि जाता जाता कार्डालाही घेऊन जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"डाव्या हातातला घे," मामा डोळे उघडून म्हणाले.

बाजारात त्यांना तागडीमामा म्हणत. तीस वर्षं ते पॉवर सप्लाय असाच निवडत आले होते. आत तांबं-लोखंड भरपूर असेल तर डबा जड, कंपनीने हात आखडता घेतला असेल तर हलका. लेबलावर काय वाटेल ते छापता येतं, वजन कुठून आणणार, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हल्ली ते ऐकायला कोणी थांबत नसे. गिऱ्हाईक मोबाइलवर तपासून निवडलेल्या डब्यांची यादी घेऊन येई, बोट ठेवी आणि तेवढंच घेऊन चालू लागे. मामांना त्याचा रागही येईनासा झाला होता. रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो. त्यामुळे आज भाचीने, मामा, तूच निवडून दे, असं म्हटल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी दुकान उघडल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं होतं.

यादी खरं तर भाचीच्याही मोबाइलमध्ये होती. मामांचं मन मोडवेना म्हणून तिने ती काढली नव्हती, इतकंच.

तिने डबा हातात घेतला, उलटा केला, पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून बराच वेळ आत पाहिलं. मग, एकदा उघडून बघू या का, असं जपून विचारलं.

मामा हसले. नवा डबा उघडायचा म्हणजे सील फोडायचं, आणि सील फुटलं की कंपनी ओळखही दाखवत नाही. जळून आलेले शेकडो डबे त्यांनी उघडले होते, नवा एकही नाही. त्यातून ही कंपनी दुकानात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिचा एकही डबा अजून जळून परत आला नव्हता, आणि मामांच्या लेखी याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं. हे सगळं त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं.

तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, हे कार्ड मला पुन्हा घेता यायचं नाही रे."

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

झाकण निघालं. तळाशी अंगठ्याएवढ्या जाडीची एक लोखंडी पट्टी बसवलेली होती. तिला ना कुठली वायर जोडलेली, ना तिचा कशाला आधार. जड असणं, एवढंच तिचं काम. बाकी आत जे काही होतं ते मूठभरसुद्धा भरलं नसतं.

मामांनी पट्टी काढली आणि डबा पुन्हा तळहातावर घेतला. लगेच खाली ठेवला. कुठल्याशा कारखान्यात बसून कोणीतरी त्यांच्यासारख्यांच्या हाताचा चांगला अभ्यास केला होता. त्यांना संताप यायला हवा होता. आली ती लाज, आणि लाजेच्या पाठोपाठ थकवा. भाचीसमोर नाक कापलं गेलं, त्याचं काही नाही, ती घरचीच. पण वर्षभरात त्यांनी हाच डबा आणखी पाच जणांना दिला होता. असाच, डोळे मिटून.

भाचीने आता यादी काढली. यादीतला पहिलाच डबा मामांच्या उजव्या हातातला निघाला. त्यांनी तो तिच्या पिशवीत घातला. मग फळीवरचे त्याच कंपनीचे आणखी पाच काढले, दोन पिशव्यांत भरले आणि दुकानाचं शटर भरदुपारी खाली ओढलं.

त्या पाचांना फोन करून इथेच बोलावून घे, असं भाचीने सुचवलं. फोनवर सगळे बघू म्हणतात आणि कोणीच बघत नाही, असं मामा म्हणाले. पदरमोड किती होणार, हे तिने विचारलं नाही. स्वतःचा खोका काखेत मारून तिने मामांच्या हातातली एक पिशवी ओढून घेतली.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. प्रत्येक वळणावर मामा थांबत, गुडघा चोळत आणि पुढची पायरी चढत. शेवटी दार उघडलं ते एका निवृत्त शिक्षिकेने. आत त्यांचा नवरा कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळत होता. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. मामांनी धापा टाकत, पॉवर सप्लाय बदलायला आलोय, असं सांगितलं. बाई दारातून हलल्या नाहीत.

"अहो, पण आम्ही तक्रार कुठे केली? कॉम्प्युटर तर छान चालतोय."

मामांनी पिशवी खाली ठेवली आणि कठड्याला टेकून श्वास घेतला.

"हो ना," ते म्हणाले. "चालतोय तोवरच पोचायचं होतं."