गाळलेल्या फायली

"काहीच नाही सापडलं, सिंधूताई," चारुशीला म्हणाली.

सिंधूताई कळमेश्वरहून तिसऱ्यांदा चारुशीलाच्या सीताबर्डीतल्या कॉम्प्युटर-तपासणीच्या लॅबमध्ये आल्या होत्या. लॅपटॉप त्यांच्या दीप्तीचा. पोरीनं दोन महिन्यांपूर्वी जीव दिला. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे माह्याच बोलण्यानं गेली ती. त्या सकाळी मोबाइलपायी लय बोलली मी तिले. आता रोज दुपारी दारात येऊन उभी राह्यते. काहीच बोलत नाही, मॅडम. नुसती पाह्यते."

चारुशीलानं त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. "असं मनाला लावून घेऊ नका हो."

"तुम्हाले लेकरू आहे का?"

"एक. ऋषी. दीप्तीएवढाच आहे."

"मग तुम्हाले समजते." सिंधूताई उठल्या.

बाई दारापर्यंत गेली आणि चारुशीला पुन्हा लॅपटॉपकडे वळली. आपण सगळं पाहिलं तरी का? प्रत्येक फाईलचा एक आकडा निघतो, अंगठ्याच्या ठशासारखा. आतलं एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. माहीत असलेल्या सॉफ्टवेअरच्या फायलींचे आकडे यादीत असतात. जुळला की फाईल निरुपद्रवी म्हणून गाळायची. त्या यादीत तिनं आपल्या खात्रीच्या, लॅबमधल्या नि घरच्या वीसेक मशीनींवरच्या सगळ्या फायलींचीही भर घातली होती. तेवढंच काम हलकं! म्हणजे गाळलेल्या तीन लाख फायलींकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"थांबा हो जरा!"

तिनं यादीची चाळणी बंद केली आणि दीप्तीच्या शेवटच्या दिवसाच्या फायली मागवल्या. एक व्हिडिओ वर आला. दीप्तीचा, चोरून काढलेला. त्यावर धमकीही लिहिलेली. चारुशीलानं स्क्रीन झटकन आपल्याकडे वळवली.

"सिंधूताई, तुमच्या बोलण्यानं नाही गेली ती! कुणीतरी छळत होतं तिला."

सिंधूताई मटकन खुर्चीत बसल्या. तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडल्या. मग पदरानंच डोळे पुसले.

"कोण आहे तो मेला? नाव सांगा मले."

"सांगते. या फाईलचा आकडा माझ्या यादीत आहे, म्हणजे हीच फाईल मी आधी कुणाच्या तरी मशीनीवर मोजलीय. कुणाच्या, त्याचीही नोंद असते. सोडणार नाही मी त्याला. इथंच, तुमच्यासमोर पोलिसांना फोन लावते."

एका हातात फोन धरून तिनं नोंद उघडली. मशीनीच्या रकान्यात तिनंच टाइप केलेली दोन अक्षरं होती: ऋषी.