डायरेक्ट

“तीसचा टाक, पोरी. तीसचा फ्यूज उडाचं नावच नाई घेत.”

शालिकराम पिकअपच्या उघड्या बॉनेटमध्ये इतका वाकला होता की प्रणालीला तिचंच काम दिसेना. अमरावतीच्या राजापेठेत तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला बाजूला सारायची तिची एक पद्धत होती. तिने त्याच्या हातात टॉर्च दिला आणि जरा दूर उभं राहून उजेड पाडायला सांगितलं. भर दुपार होती, पण शालिकराम मनापासून उजेड पाडू लागला.

“काका, तीस अँपिअरचा टाकला तं फ्यूज वाचंल अन् वायर जळंल. पंख्याले दहाचा, भोंग्याले पाचचा. बस.”

“पाचचा? माया भोंगा चार गल्ल्या पलीकडे आयकू जाते. त्याले पाचचा?”

शालिकरामने आयुष्यात सगळं डायरेक्ट केलं होतं. शेतातली मोटर डायरेक्ट. पोरीची सोयरीकसुद्धा मध्ये कुणाला न घालता, मुलाच्या घरी जाऊन डायरेक्ट. पिकअपमध्येही फुलांसाठीचे दोन पंखे, टपावरचा भोंगा आणि पुढचे चार जास्तीचे दिवे बॅटरीवरून डायरेक्टच घेतलेले. फ्यूज म्हणून काय ती चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. ती चांदी कधी उडाली नाही, याचा त्याला अभिमान होता.

दोन महिन्यांपूर्वी वलगावच्या अलीकडे डॅशबोर्डातून धूर निघाला. शेजारी बसलेल्या तानुबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, फुलांवर शिंपडायचं सगळं पाणी डॅशबोर्डावर ओतलं, आपली टोपली उचलली, खाली उतरली आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला. तेव्हापासून अंजनगाव सुर्जीहून अमरावतीच्या फूलबाजारात तो पिकअपने यायचा, ती एसटीने. बाजारात दोघं एकाच ओट्यावर बसत, एकाच डब्यात जेवत. रस्ता तेवढा वेगळा. शालिकरामला त्या रस्त्यावर फार एकटं वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, भोंगा मात्र मोठा करत गेला होता.

आज तानुबाई टोपली मांडीवर घेऊन दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसली होती. परतीची एसटी अडीचला होती. गाडी पटली तर गाडीत, नाही तर सरळ स्टँडवर, असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं. शालिकराम उजेड पाडता पाडता दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघत होता.

प्रणालीने बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक मोठा फ्यूज बसवला, तिथून जाड लाल वायर काढली आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला काळी डबी स्क्रूने आवळली. डबीत रंगीत फ्यूज ओळीने.

“एवढे कायले लागते वो?” तानुबाईने बसल्या जागेवरून विचारलं.

“ज्याचा त्याचा वेगळा, काकू. एक गेला तं बाकीचे चालूच राह्यते.”

“आमच्या घरी तं याइचं डोकं गेलं का समदंच बंद.”

प्रणाली हसली आणि तिने किल्ली फिरवली. दिवे लागले. पंखे फिरले. टपावरून शालिकरामचाच रेकॉर्ड केलेला आवाज गरजला, “झेंडू घ्या, शेवंती घ्या!” समोरच्या ट्यूशन क्लासची पोरं खिडकीत आली.

“पाह्य!” शालिकरामची छाती फुगली. “आता बसशीन ना?”

तानुबाई हलली नाही. “हे तं पयलेबी वाजत होतं. जळाच्या वक्ताले का होते, थे दाखवा.”

प्रणालीने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. तिने भोंग्याच्या वायरीचं आवरण मध्येच जरासं सोललं, वायर पक्कडीत धरली आणि गाडीच्या लोखंडाला टेकवून मुद्दाम शॉर्ट केली.

चट्. भोंगा ‘शेवं’वरच थांबला.

“उडाला!” शालिकरामने कपाळावर हात मारला. “अरे बाप्पा, पाच मिनिटं नाई झाले अन् उडाला! म्या सांगतच होतो, तीसचा टाक. आता कायची बसते हे!” त्याचा आवाज रडवेला झाला.

तानुबाई उठली. बॉनेटपाशी येऊन तिने पदर बाजूला करून वास घेतला. धूर नव्हता. भोंग्याची वायर दोन बोटांनी दाबून पाहिली. थंड होती. मागे पंखे मजेत फिरत होते, त्यांना शेजारी काय झालं याचा पत्ताच नव्हता.

तिने स्टुलावरची टोपली आणली, गाडीचा दरवाजा उघडला आणि आपल्या जागेवर बसली.

शालिकराम टॉर्च धरून तसाच उभा. “उडाला तरी बसली?”

“उडाला म्हणून बसली. तुमची चांदी कधी उडत होती?”

शालिकरामला इतका आनंद झाला की पेटता टॉर्च तसाच खिशात घालून तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. प्रणालीने टॉर्च परत मागून घेतला.

“थांबा काका, भोंग्याले नवा फ्यूज लावून देते.”

तानुबाईने खिडकीतून हात बाहेर काढला. “आज राहू दे, पोरी. अंजनगाव येईपर्यंत मले बोलाचं हाय. दोन महिन्याचं बाकी हाय.”

“मलेबी,” शालिकराम म्हणाला.

गाडी राजापेठेच्या गर्दीत शिरली तेव्हा दोघंही एकदमच बोलत होती.