ठकूबाईचं थंड औषध

“ओढणाऱ्याचं नाव?” समीक्षाने मोबाइल पुढे धरत विचारलं.

“आजा तुझा. पण सिगारेट नको लिहू. औषध लिही,” ठकूबाई म्हणाली आणि वालाचं बिरडं सोलत राहिली.

समीक्षा महाडला नर्सिंग शिकत होती. पुदिन्यासारखी थंड लागणारी सिगारेट ओढणाऱ्यांना त्या सिगारेटबद्दल काय वाटतं, ते गावात विचारून यायला कॉलेजने सांगितलेलं. घरापासून सुरुवात केली की सोपं जाईल, असं पोरीला वाटलं. ठकूबाईच्या घरात काय सोपं असतं?

आजा महिपत ओटीवर बसलेला. जेवण नुकतंच झालेलं. ठकूबाई हात पुसत उठली, फळीवरच्या डब्यामागून पाकीट काढलं आणि एक सिगारेट त्याच्या हातात ठेवली. सोबत काडेपेटी. तापाची गोळी पाण्यासकट द्यावी तशी. त्यानेही ती गोळी घ्यावी तशीच, तोंड वाकडं करून पेटवली.

“आधी बिड्या ओढायचे. खोकायला लागले की कौलं हलायची,” ठकूबाई नातीला सांगू लागली. “दासगावचा मुदस्सर आखातातून आला, त्याने ही थंडीवाली दिली. मी हुंगून बघितली. बामाचा वास! त्याच दिवशी बिड्या चुलीत घातल्या. खोकला गेला का नाय, विचार त्यांना.”

“आजी, आत तंबाखूच असतो गं. थंडाव्यामुळे घशाची जळजळ कळत नाही, एवढंच. नुकसान व्हायचं ते होतंच.”

“पोलादपूरच्या डॉक्टरला खोकला घालवता आला नाय. मी घालवला. आता शेजारच्या जानकीबाईने पण नवऱ्याला हीच लावलीय. माझ्या सांगण्यावरून!”

वाडीत कुणाचं काही दुखलं की आधी ठकूबाईला विचारत. हा मान तिने कमावलेला होता. समोरच्याला बोलूच न देऊन.

समीक्षाने पुढचा प्रश्न वाचला. “सरकारने ही सिगारेट बंद केली तर चालेल का?”

“नाय चालणार. लिही.”

“आजी, ओढणाऱ्यानेच सांगायचं.”

“मग मी काय वेगळं सांगते? सांगा वो.”

महिपतने एक झुरका घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते उपरण्याने पुसलं. मग इतक्या हळू बोलला की समीक्षाला पुढे वाकावं लागलं.

“बंद करा म्हणावं. उद्याच करा.”

बिरड्याचा दाणा ठकूबाईच्या बोटांतून सटकला आणि ओटीवरून खाली गेला. ती तो उचलायला वाकली नाही. असं आजवर झालेलं नव्हतं.

“बंद करा? उन्हातान्हात एसटीने महाडला जाऊन आणते मी! नको होती तर ओढता कशाला?”

“तू देतेस म्हणून.”

“मी बळजबरी करते?”

महिपत राखेकडे बघत राहिला. “सुनेच्या बाळंतपणाला तू मुंबईला गेली होतीस. आठवतं?”

“आठवतं की! पाकीट फळीवर समोरच ठेवून गेले, तर आले तेव्हा तसंच्या तसं. फळीवरचं सापडलं नाय ह्यांना! मीच परत हातात दिली, तेव्हा कुठे ओढली.”

“सापडलं होतं गो. पहिल्याच दिवशी.” तो समीक्षाकडे वळला, कारण बायकोकडे वळायचं धाडस एका दिवसात किती करणार? “दोन रात्री डोकं ठणकलं. कुणाशी बोलू नये असं वाटलं. मग हळूहळू गेलं सगळं. वरच्या देवळापर्यंत न थांबता चढून गेलो. वाटलं, सुटली आपली.”

ठकूबाईने पाकिटाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या अर्ध्या जळलेल्या सिगारेटकडे. पदराने उगाच तोंड पुसलं.

“मग मला सांगायला काय झालं होतं?” तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला.

महिपतने सिगारेट ओटीच्या कडेवर विझवली आणि नातीला म्हणाला, “लिही गो, सरकारला जरा लवकर कर म्हणावं. तुझ्या आजीला नाय म्हणेल असं दुसरं कोण हाय?”